संगणकाच्या शब्दसूची : अर्थ की नुसते विस्तार?

संगणकाची तोंडओळख करून देणाऱ्या पुस्तिकांच्या शेवटी एक शब्दसूची असते. शालेय मार्गदर्शके, स्पर्धापरीक्षांची पुस्तके, संगणक-वर्गांच्या टिपा, वर्तमानपत्रांच्या विद्यार्थी-पुरवण्या या सगळ्यांत थोड्याफार फरकाने तीच सूची आढळते. सीपीयू, रॅम, रॉम, मोडेम, बाइट, ब्राउझर, इंटरनेट, व्हायरस आणि अलीकडे क्लाउड. प्रत्येक शब्दापुढे एक-दोन ओळी. अशा बऱ्याच सूच्या आम्ही गेल्या काही दिवसांत ओळीने वाचून काढल्या. कोणा एका लेखकाला किंवा प्रकाशकाला धारेवर धरण्याचा हेतू नाही. सूच्या एकमेकींवरून उतरवलेल्या असल्याने एकीबद्दल जे म्हणावे ते बहुतेक सर्वांना लागू पडते. म्हणून नावे न घेता या लेखनप्रकाराचेच परीक्षण येथे करीत आहोत.

हे लेखन किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. शाळांत संगणक शिकवण्याचे काम पुष्कळदा गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकांकडे येते आणि त्यांच्या हाताशी प्रथम येते ती अशीच सूची. तिच्यातले वाक्य फळ्यावर जाते, फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत. वाटेत ते कोणी तपासत नाही. आमचा मुख्य आक्षेप असा की, शब्द समजावून देण्याऐवजी या सूच्या त्याचा ‘फुल फॉर्म’ सांगतात, जनकाचे नाव सांगतात, एखादा मराठी प्रतिशब्द देतात आणि तेथेच थांबतात. या तिन्ही गोष्टी पाठ झाल्या तरी समोरचे यंत्र काय करते आहे, हे कळतेच असे नाही. काही वेळा तर त्या पाठ झाल्यामुळेच कळायचे राहून जाते.

जनक आधी, इलेक्ट्रॉन नंतर

पहिल्याच शब्दापासून सुरुवात करू. ‘संगणक हे जलद व अचूक गणिते करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे. चार्ल्स बॅबेज हे संगणकाचे जनक होत.’ ही दोन वाक्ये बहुतेक सूच्यांत शेजारी शेजारी असतात. बॅबेज वारले १८७१ साली. जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला १८९७ साली. बॅबेज यांनी १८३०च्या दशकात ज्या यंत्राचा आराखडा मांडला ते दातेरी चाकांचे होते, त्यात वीज नव्हती आणि ते त्यांच्या हयातीत पुरे झालेही नाही. मग दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी? एक तर व्याख्या चुकली किंवा जनक चुकला. नववीच्या वर्गातील एखाद्या मुलाने हा प्रश्न विचारावा अशी आपली अपेक्षा असायला हवी. तो विचारत नाही, कारण ही वाक्ये विचार करण्यासाठी नसून पाठ करण्यासाठी आहेत, हे त्याला एव्हाना समजलेले असते.

चूक व्याख्येची आहे. बॅबेज यांच्या कल्पनेतील मोठी गोष्ट अशी होती की यंत्राने काय करायचे ते यंत्र बनवतानाच ठरवून टाकायचे नाही. नक्षीदार कापड विणणाऱ्या जॅकार्ड मागावर भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे वापरीत. कार्डे बदलली की तोच माग वेगळी नक्षी काढी. बॅबेज यांनी ही युक्ती गणिताच्या यंत्राला लावली. सूचना बदला, काम बदलेल. संगणकाचे मर्म हे आहे आणि नेमके हेच व्याख्येत नाही. दुकानदाराच्या गल्ल्याशेजारचा साधा कॅल्क्युलेटरही इलेक्ट्रॉनिक, जलद आणि अचूकच असतो. मग त्याला संगणक का म्हणायचे नाही? सूचीतील व्याख्या येथे निरुत्तर होते. उत्तर असे की त्या कॅल्क्युलेटरची कामे कारखान्यातच ठरून गेलेली असतात. संगणकाला मात्र सकाळी निकालपत्रक करायला सांगता येते, दुपारी गाणे वाजवायला आणि संध्याकाळी आणखी काही, जे तो बनवणाऱ्याच्या मनातही आले नसेल.

शिक्षकांच्या शिबिरांत आम्ही कधी कधी विचारतो, ‘तुमच्या घरी संगणक किती?’ बरेच जण ‘एकही नाही’ म्हणतात आणि खिशात फोन असतो. फोन हा पूर्ण अर्थाने संगणक आहे. व्याख्येने हे सांगितले नाही, तर तिचा उपयोग काय?

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. यंत्रे येण्यापूर्वी ‘कॉम्प्युटर’ हे माणसाच्या पदाचे नाव होते. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात राधानाथ सिकदार या पदावर होते. निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या मोजमापांवरून १८५०च्या सुमारास त्यांनी आकडेमोड केली आणि ‘पंधरावे शिखर’ म्हणून नोंदलेले शिखर जगात सर्वांत उंच असल्याचे दिसून आले. पुढे त्याला एव्हरेस्टचे नाव मिळाले. जनकाच्या नावाने एक गुण मिळवण्यापेक्षा ही हकिकत वर्गात सांगितली, तर भूगोल आणि गणित दोन्हींना उपयोगी पडेल.

रॅम आणि रॉम

सूच्यांचा सर्वांत आवडता प्रकार म्हणजे आद्याक्षरांचा विस्तार. ‘रॅम म्हणजे रँडम ॲक्सेस मेमरी. रॉम म्हणजे रीड ओन्ली मेमरी.’ परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि मुले तो हमखास बरोबर सोडवतात. आता याच मुलांना मोबाइलची जाहिरात दाखवा. ‘८ जीबी रॅम, १२८ जीबी रॉम’ असे कित्येक जाहिरातींत छापलेले असते. रॉममधले फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, हे तर पाठ आहे. मग या १२८ जीबीमध्ये फोटो साठवायचे कसे? फोटो साठवणे म्हणजे लिहिणेच. खरे म्हणजे फोनमधली ती जागा रॉम नव्हेच. तेथे हवे तेव्हा लिहिता आणि पुसता येते. दुकानदारीच्या भाषेत ते नाव चिकटले इतकेच. ज्याला विस्ताराचा अर्थ कळला आहे तो ही विसंगती क्षणात पकडेल. ज्याला नुसता विस्तार पाठ आहे तो जाहिरातही बिनतक्रार पाठ करील. आमच्या पाहण्यात दुसरा प्रकार फार जास्त आहे.

‘रँडम’ या शब्दाचे मराठीकरण करताना सूच्या आणखी घोटाळा करतात. ‘यादृच्छिक प्रवेश स्मृती’ असे वाचल्यावर कोणाही सुज्ञाला वाटेल की ही स्मृती मनाला येईल तसे, कुठूनही काहीही उचलते. येथे अर्थ अगदी उलट आहे. कापडाच्या ताग्यातील मधला वार हवा असेल, तर आधीचे सगळे वार उलगडावे लागतात. जुन्या टेपचे तसेच होते. याउलट टपाल कचेरीत पत्रांसाठी खण असतात. तिसरा खण असो की त्रेचाळिसावा, हात थेट तेथे जातो आणि वेळ सारखाच लागतो. रॅममध्ये हवी ती जागा अशी थेट गाठता येते, एवढाच ‘रँडम’चा अर्थ. आता गंमत अशी की हा गुण रॉमलाही आहे! तिच्यातलीही कोणतीही जागा थेट वाचता येते. तेव्हा रॅम आणि रॉम हे शब्द दिवस-रात्रीसारखे विरुद्धार्थी नाहीत. त्यांच्या विस्तारांची तुलना करून फरक समजावणे हे मुळातच चुकीच्या वाटेने जाणे आहे.

मग वर्गात काय सांगावे? आमच्या मते एकच प्रश्न पुरेसा आहे. ‘आत्ता वीज गेली तर यातले काय उरेल?’ भारनियमन अनुभवलेल्या महाराष्ट्रात हा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. तासभर बसून गुणपत्रक टंकलिखित केले, साठवले नाही आणि दिवे गेले. पडद्यावर होते ते रॅममध्ये होते, ते गेले. कालपर्यंत साठवलेले डिस्कवर होते, ते राहिले. काही आज्ञावल्या आता मधूनमधून स्वतःच साठवून ठेवतात, हे खरे. पण त्या तसे का करतात, हे समजायलाही आधी हाच फरक समजावा लागतो. या एका प्रश्नाने रॅम एका बाजूला आणि डिस्क, पेनड्राइव्ह व फोनमधली साठवण दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी होते. ती वाटणी रोज उपयोगी पडते.

‘स्मृती’ हा प्रतिशब्दही येथे फारशी मदत करीत नाही. माणसाची स्मृती झोपेत पुसली जात नाही. रॅमला काम चालू असताना पसरलेले टेबल म्हणावे आणि डिस्कला कपाट. काम संपले, खोलीला कुलूप लागले की टेबल साफ. कपाटात ठेवले तेच उद्या मिळेल.

सीपीयूचीही तीच कथा. विस्तार पाठ आणि बोट मात्र टेबलाखालच्या पेटीकडे. प्रयोगशाळेत सर्रास त्या पेटीलाच सीपीयू म्हणतात. सीपीयू ही पेटीच्या आत असलेली, तळहातावर सहज मावणारी चीप. पेटीत तिच्या जोडीला वीजपुरवठ्याचा खोका, पंखे, डिस्क असे बरेच काही असते. म्हणून ‘सीपीयू बिघडला’ असे सांगून शाळेने दुरुस्तीवाल्याला बोलावले, तर बिघाड नेमका कशात आहे हे त्या वाक्यातून कळत नाही आणि बिल कशाचे लागले हेही कळत नाही.

विस्तार नेहमीच निरुपयोगी असतो असे मात्र नाही. ‘मोडेम’ हा शब्द मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर यांचे तुकडे जोडून झाला आहे. लहरीवर संदेश चढवणारा व उतरवणारा, असे त्याचे कामच त्यातून कळते. असे शब्द थोडे.

लहान ‘बी’, मोठा ‘बी’

आता थोडे मापांविषयी. ‘८ बिट म्हणजे १ बाइट’ हे प्रत्येक सूचीत आहे आणि ते बरोबर आहे. पण ते कशासाठी माहीत असावे, हे एकीतही सांगितलेले नाही. इंटरनेटचा वेग जाहिरातीत १०० एमबीपीएस असतो. फाइल उतरवताना पडद्यावर मात्र सेकंदाला साडेबारा एमबीच्या वर आकडा जात नाही. फसवणूक झाली असे वाटून भांडण होते. जाहिरातीतील ‘बी’ बिटचा असतो, पडद्यावरील ‘बी’ बाइटचा. शंभराला आठाने भागले की साडेबारा. रोमन लिपीत बिटसाठी लहान आणि बाइटसाठी मोठे अक्षर लिहून हा फरक दाखवतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे आपण दोन्हींना ‘एमबी’ लिहितो आणि आठपटीचा फरक लेखणीखाली गाडून टाकतो. मराठीत लिहिणाऱ्याने तरी ‘मेगाबिट’ आणि ‘मेगाबाइट’ हे शब्द पूर्ण लिहावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

‘१ किलोबाइट म्हणजे १०२४ बाइट’ हे वाक्यही निम्मेच खरे आहे. डिस्क बनवणारे १००० धरतात आणि काही आज्ञावल्या १०२४ धरून मोजतात. म्हणून १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. दहाचा बारावा घात घ्यावा आणि त्याला १०२४ ने तीनदा भागून पाहावे. घातांकाच्या धड्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. हा घोळ मिटवण्यासाठी १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १०२४च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी उपपदे दिली. ती सूच्यांपर्यंत अजून पोचलेली दिसत नाहीत.

‘संगणक कधीच चुकत नाही’

‘संगणकाची वैशिष्ट्ये’ या मथळ्याखाली हे वाक्य असते. पायथॉनसारखी एखादी भाषा शाळेतील संगणकावर असेल, तर तिला ०.१ अधिक ०.२ किती, असे विचारावे. उत्तर येते ०.३०००००००००००००००४. कारण सोपे आहे. एकतृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत ०.३३३... असा संपतच नाही, तसा एकदशांश द्विमान पद्धतीत संपत नाही. कुठेतरी तोडावा लागतो आणि तोडला की बारीक चूक राहते. गणिताच्या शिक्षकाला ही पर्वणी आहे.

सूचना देणाऱ्याची चूक ही आणखी वेगळी गोष्ट. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियन-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. आधीच्या एरियन-४ची आज्ञावली त्यात तशीच वापरली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त असल्याने एक संख्या इतकी मोठी झाली की ठेवलेल्या १६ बिटांत ती मावेना. यंत्राने सांगितले तेच केले. सांगितलेले या वेळी लागू आहे की नाही, हे ठरवणे त्याच्या हातात नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर विद्यार्थी संगणकाला थेट प्रश्न विचारतात आणि तो सफाईदार भाषेत कधी बरोबर, कधी साफ चुकीचे उत्तर देतो. ‘कधीच चुकत नाही’ हे पाठ करून आलेला मुलगा त्या उत्तरासमोर बसतो तेव्हा सूचीतल्या या एका ओळीची किंमत कळते.

जाळे आणि जाळ्यावरचे

‘इंटरनेट म्हणजे जाळ्यांचे जाळे. यालाच वर्ल्ड वाइड वेब असेही म्हणतात.’ पहिले वाक्य बरोबर, दुसरे चूक. आमच्या मते या साऱ्या लेखनातील ही सर्वांत नुकसानकारक चूक आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो.

ऑक्टोबर १९६९ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील संगणकाकडे आर्पानेटवरचा पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोचली आणि यंत्रणा कोलमडली. १ जानेवारी १९८३ पासून त्या जाळ्यावर टीसीपी-आयपी हे नियम लागू झाले आणि वेगवेगळी जाळी एकमेकांशी बोलू लागली. ते इंटरनेट. वेब पुढची. टिम बर्नर्स-ली यांनी तिचा प्रस्ताव जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत मार्च १९८९ मध्ये मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांना मुक्त केली. त्याआधी कित्येक वर्षे इंटरनेटवर ईमेल चालत होते, फाइली ये-जा करीत होत्या. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हाही अनेकांच्या वाट्याला चित्रे नसलेली, नुसत्या अक्षरांची जोडणी आली होती.

इंटरनेट म्हणजे रस्ते आणि रहदारीचे नियम. वेब ही त्या रस्त्यांवरून चालणारी एक वाहतूक. ब्राउझर ही आपली गाडी आणि गूगल हा वाटेवर पत्ता सांगणारा. या चारही गोष्टींना मुले ‘नेट’ म्हणतात आणि सूच्या त्यांना आळा घालत नाहीत. परिणाम काय होतो? पान उघडले नाही की ‘नेट बंद’. पण व्हॉट्सॲपवर निरोप येत असेल, तर रस्ता चालू आहे. सगळी पाने उघडत असतील आणि एकच उघडत नसेल, तर दोष बहुधा त्या एका ठिकाणी आहे. नावाने पान उघडत नाही पण आकड्यांचा पत्ता मात्र उत्तर देतो, असे असेल तर नावावरून पत्ता शोधून देणारी नोंदवही, म्हणजे डीएनएस, अडली आहे. एकेक शक्यता काढून टाकत बिघाडापर्यंत पोचणे ही प्रयोगशाळेतलीच रीत आहे. तिच्यासाठी शब्द वेगवेगळे असावे लागतात. सूच्यांनी ते एकत्र कालवले की ही रीतच शिकवता येत नाही.

या धड्यांसोबतचे चित्रही एकदा पाहावे. पृथ्वीचा गोल, वर उपग्रह आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वीजरेषा. खंडाखंडांमधील इंटरनेटची जवळजवळ सगळी रहदारी समुद्रतळावरच्या केबलींतून चालते. त्यांपैकी अनेक केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. उपग्रहाचे चित्र डोक्यात असलेल्या विद्यार्थ्याला ही बातमी कळणारच नाही. भौतिकशास्त्राच्या तासाला हिशेब करून पाहावा. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली यायला प्रकाशाच्या वेगाने सुमारे पाव सेकंद लागतो, प्रश्न व उत्तर मिळून अर्धा सेकंद. संभाषणात हा विलंब चांगलाच जाणवतो. खालच्या कक्षेतील नवे उपग्रह हा विलंब पुष्कळ कमी करतात, पण मोठा भार अजूनही केबलींवरच आहे.

प्रतिशब्दांविषयी थोडेसे

मराठी प्रतिशब्दांची थट्टा करणे सोपे असते. आम्हाला ती करायची नाही. ‘आज्ञावली’ हा शब्द प्रोग्रॅमपेक्षा अधिक सांगतो. ‘परवलीचा शब्द’ तर उत्तमच. पहारेकरी चेहरा ओळखत नाही, खुणेचा शब्द सांगेल त्याला आत सोडतो. पासवर्डचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही त्यात आले. दुसऱ्या कोणी तो शब्द सांगितला, तर पहारेकरी त्यालाही सोडणार. ‘संकेतस्थळ’ हे जुन्या काव्यांत प्रेमिकांच्या भेटीचे ठिकाण होते. पण शब्द रुळला, चालू द्यावा. ‘महाजाल’ आणि ‘आंतरजाल’ मात्र कोणी इंटरनेटला वापरतो, कोणी वेबला. वर सांगितलेला घोटाळा मराठीत आणून पक्का करण्याचे काम ते करतात. प्रतिशब्द संस्कृत आहे की इंग्रजी, यापेक्षा तो कशाला कशापासून वेगळे करतो, ते पाहावे.

कुलपाचे चित्र

एवढा वेळ ज्या चुका पाहिल्या त्यांत फार तर गुण जातील किंवा तासभराचे काम जाईल. पुढच्या चुकीत पैसे जातात. ‘पत्त्याच्या आधी एचटीटीपीएस किंवा कुलपाचे चित्र असेल, तर ती साइट सुरक्षित समजावी,’ असा सल्ला सूच्यांत अजून छापला जातो. कुलपाचा अर्थ इतकाच की तुमच्या यंत्रापासून त्या साइटपर्यंत जाताना मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. साइटचा मालक कोण आणि तो कसा, याविषयी कुलूप काही सांगत नाही. पाकीट लाखेने बंद केले आणि चोराच्या पत्त्यावर टाकले, तर ते चोराला सुखरूप मिळेल! कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र आता फुकट मिळते आणि लबाडही ते घेतात. हा गैरसमज इतका पसरला की क्रोम या ब्राउझरने २०२३ साली कुलपाचे चित्रच काढून टाकले. सूच्यांनी ते अजून काढलेले नाही.

सूचीत त्याऐवजी पत्ता कसा वाचावा, हे यायला हवे. सुरुवातीच्या दुहेरी तिरप्या रेघेनंतर पुढची पहिली एकेरी तिरपी रेघ शोधावी. दोहोंच्या मधला भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. शेवटी कॉम, इन, को-इन यांसारखी शेपटी असते. तिच्या लगेच आधीचे नाव मालकाचे. देवनागरीत लिहून दाखवायचे तर ‘आमचीबँक.खातेतपासणी.कॉम’ या पत्त्याचा मालक ‘खातेतपासणी’ नावाचा कोणी आहे. ‘आमचीबँक’ हे त्याने आपल्या घरातल्या एका खोलीला दिलेले नाव आहे. ते त्याला हवे ते देता येते. फळ्यावर असे दहा पत्ते लिहून मालक ओळखायला सांगावे. अर्ध्या तासाचे काम आहे आणि मुलांनी ते घरी जाऊन आजी-आजोबांना शिकवले, तर फारच बरे.

शेवटी सूच्यांतला सर्वांत नवा शब्द. ‘क्लाउड म्हणजे इंटरनेटवरील साठवण.’ आकाशातल्या ढगाशी त्याचा संबंध नाही. तो कोणाच्या तरी इमारतीतला संगणक असतो, वातानुकूलित, दिवसरात्र चालणारा. नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात अशा संगणकांच्या इमारतीच उभ्या आहेत. पण शिक्षकाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. फोनमधला फोटो क्लाउडवरही आहे, म्हणून फोनमधून पुसला तर काय होईल? पुष्कळ सोयींमध्ये दोन्ही ठिकाणे एकसारखी ठेवली जातात. त्यामुळे एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते आणि काही दिवस कचरापेटीत राहून कायमचे जाते. अशा सोयीत दुसरी प्रत राखलेली नसते, एकच प्रत दोन खिडक्यांतून दिसत असते. वेगळी प्रत हवी, तर ती वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर करून ठेवावी लागते. शंका असेल त्यांनी एखादी बिनमहत्त्वाची फाइल क्लाउडवर ठेवून, एका यंत्रावरून पुसून दुसऱ्यावर पाहावे. निकालाची फाइल या प्रयोगासाठी घेऊ नये.